अकरावा भाग

बर्फाच्या कारखान्याच्या ऑफिसात, रात्री साडेनऊ.
पलीकडे कॉम्प्रेसर घुमतोय, म्हणून आवाज पूर्ण वर.
बाबी कोयंडेनं जुन्या कॅसेटची फाईल करून आणलीय,
चुन्याच्या भिंतीवर थरथरत उमटतं:
‘यान त्रिशंकू’. भाग अकरावा.

इब्राहिम सोलकर देवगडच्या जेटीवरून थेट इथं,
अंगाला डिझेलचा वास.
“लाव रे बेगीन, माका तीन वाजता बोट सोडूची आसा.”
फिलोमिनानं सहावीच्या पेपरांचा गठ्ठा आणलाय तपासायला,
लाल पेन उघडलेलं,
आणि सुरुवातीच्या धूनलाच बंद करून केसांत खोचलेलं.

आधी हसून घ्यायचं, हा आमचा नियम.
कॅप्टनचं हेल्मेट स्कूटरचं.
यानाचं दार फ्रिजचं, आतल्या अंड्यांच्या खोबणींसकट.
परग्रहाचा तो राजदूत
म्हणजे चॉकलेटच्या चांदीत गुंडाळलेलं म्हाकूल,
असं बाबी म्हणतो, दर वेळी, त्याच जागी,
आणि आम्ही हसतो, त्याच्या अर्धा सेकंद आधी.

ग्रहाची जमीन मात्र लाल.
आमचा टीव्ही काळा-पांढरा होता,
पण जमीन लाल आहे, जांभ्याची आहे,
याबद्दल आमच्यात कधीच वाद नव्हता.
शूटिंग आपल्याच सड्यावर झालं, हे इतकं पक्कं
की एका रविवारी आम्ही दुपारभर कातळ पालथा घातला
कॅप्टनच्या बुटाचा ठसा शोधत.
सापडला. ग्लॅडसनला.
गुराख्याचा असेल. त्यानं भोवती दगड रचले.

गोष्ट अशी: यानातून पृथ्वीला निरोप जातो,
उत्तर यायला एकोणीस वर्षं लागणार,
आणि रेडिओवरचा ऑपरेटर पहिल्याच रात्रीपासून
झोपायला तयार नाही.
“वायरलेसार आमका तरी खय लगेच उत्तर येता,”
इब्राहिम म्हणतो.
“गप,” फिलोमिना म्हणते.

मग यान काळोखात शिरतं.
भिंत काळी होते
आणि त्या काळ्यात आम्ही दिसतो.

कारण ही कॅसेट टीव्हीवरून थेट भरलेली नाही.
मस्कतच्या मामाचा कॅमेरा स्टुलावर ठेवून
ग्लॅडसननं टीव्हीच्या काचेवर रोखला होता.
काचेत चार डोकी. एकाचा दात पडलेला,
एकीच्या रिबिनी.
मागे, कॅमेऱ्याशी उभं, कुणाचं तरी कोपर.

“थांबव.”
मी थांबवतो.
“खपली आसा बघ कोपराक,” फिलोमिना म्हणते.
इतक्या वर्षांत ती खपली कुणालाच दिसली नव्हती.
ती उठून भिंतीजवळ जाते,
तर तिचीच सावली पडून कोपर जातं.
परत येऊन बसते.

शेवटची चार मिनिटं आम्ही पाहिलेलीच नाहीत.
लाईट गेली. कॅमेरा बॅटरीवर चालत राहिला.
अंधार, आणि त्यात
कुणाची तरी आई जेवायला हाक मारतेय,
एक कुत्रं,
मग माझाच बारीक आवाज: “उत्तर इला काय रे?”
मग तो, माईकच्या अगदी जवळ:
“इला असतला. लायट येवंदे, सांगतंय.”

पुढं तो बोटीवर गेला.
शेवटचं पत्र डर्बनहून, निम्मं पगाराबद्दल,
आणि खाली, उरलेल्या जागेत, तिरकं:
त्या भागाचो शेवट कुणाक गावलो काय?

बाबीच्या मते ऑपरेटर म्हातारा होतो आणि उत्तर येतं.
इब्राहिमच्या मते उत्तर येतं, पण तोवर
पृथ्वीवरची भाषाच बदललेली असते.
मला वाटतं, चार मिनिटांत एवढं बसत नाही.
फिलोमिना मत देत नाही. कधीच दिलेलं नाही.
म्हणते, “काळोख परत लाव.”

लावतो.
मधेच कॉम्प्रेसर आपोआप बंद पडतो
आणि खोली एकदम मोठी होते.
कुत्रं भुंकतं.
भिंतीतलं की जेटीवरचं, कळत नाही.
इब्राहिम मात्र उठतो,
दार उघडून बाहेर बघतो.